लेक एक रात्र कॉलेजात राहणार, आणि झोप माझी उडालीय

एका आईचं पत्र आलंय, ते असं आहे (कॉलेजांची नावं मी काढलीत, रटगर्सचं, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाचं, तेवढं ठेवलंय, कारण त्याबद्दल बोलायचंच आहे):

"ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मोठी लेक बारावीत आहे, 17 वर्षांची. तिला रटगर्स, बॉस्टनचं एक आणि अपस्टेट न्यूयॉर्कमधलं (राज्याच्या उत्तर भागातलं) एक, अशी तीन ठिकाणी ॲडमिशन मिळालीये. बाहेरची दोन्ही कॉलेजं म्हणतात की एप्रिलमध्ये येऊन एक रात्र डॉर्ममध्ये (हॉस्टेलवर) तिथल्याच मुलीच्या खोलीत राहा, क्लासला बसा आणि मग ठरवा. लेकीला दोन्हीकडे जायचंय, आणि एकटीला. तिचे बाबा म्हणतात मी सोबत जाणार, कॅम्पससमोर हॉटेल घेणार. मला वाटतं, नणंद बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला राहते, तिच्याकडे झोपायला जाऊ दे, दिवसा कॉलेज बघू दे. लेक म्हणते मग जायचंच कशाला. रटगर्स तर वीस मिनिटांवर आहे, तिथे बघायचंय काय. सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात परक्या घरी पोरीला रात्री कशाला पाठवता. आठवडाभर घरात अबोला आहे. शुक्रवारपर्यंत फॉर्मवर सही हवीये. दारू, मुलं, अनोळखी खोली, सगळं डोक्यात येतं. काय करू? — एक आई, एडिसन."

अगं, ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. सही कर. पाठव तिला, आणि एकटीलाच पाठव. पण सगळी आखणी तिला करू दे आणि तू फक्त दोन-तीन गोष्टी आधी पक्क्या कर, त्या खाली सांगते.

आधी हे सांगते की रात्रच का. दिवसाची टूर तू बघितलीच असशील, एक हसरी मुलगी उलटं चालत चालत लायब्ररीत किती लाख पुस्तकं आहेत ते सांगते, हिरवळ दाखवते, मग इन्फो सेशन, मग स्वेटशर्टचं दुकान. सगळी कॉलेजं दुपारी दोन वाजता सारखीच दिसतात. रात्री साडेदहाला दिसत नाहीत. तेव्हा मुली खोल्यांची दारं उघडी ठेवून बसतात का सगळ्या हेडफोन लावून आत असतात, लाउंजमध्ये कोण कुणाचा होमवर्क समजावतंय, बाथरूम किती जणींत एक आहे आणि ती कशी ठेवलीये, भूक लागली तर काय उघडं असतं, लायब्ररीतून परत येताना रस्त्यावर माणसं असतात का, हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. आणि तुझी लेक चार वर्षं राहणार आहे ती ह्या साडेदहाच्या कॉलेजात, दुपारी दोनच्या नाही.

मी स्वतः साताऱ्याहून पुण्याला हॉस्टेलला आले ती हॉस्टेल न बघताच. वडील ट्रंक खाली ठेवून दुपारच्या एसटीने परत गेले, कारण रात्री उशिरा पोचणारी गाडी त्यांना नको होती. संध्याकाळपर्यंत मी मजेत होते. नऊ वाजता दिवे कमी झाले आणि मला कळलं की ह्या मजल्यावर मला एकही नाव माहीत नाही आणि पाणी कुठे प्यायचं तेही माहीत नाही. ते वर्ष मला जड गेलं, आणि आजही वाटतं की एक रात्र आधी राहून बघितलं असतं तर एकतर मी दुसरीकडे गेले असते, नाहीतर तिथेच पण मन तयार करून गेले असते. आम्हाला ती सोयच नव्हती. तुझ्या लेकीला आहे.

आता नणंदेचं. फ्रेमिंगहॅम बॉस्टनपासून वीसेक मैल आहे, म्हणजे संध्याकाळी जेव्हा खरं कॉलेज सुरू होतं तेव्हा तुझी लेक कम्यूटर रेलमध्ये बसलेली असेल. मग ती म्हणते ते बरोबरच आहे, जायचंच कशाला. पण नणंद जवळ आहे ही फार मोठी गोष्ट आहे, ती वाया घालवू नकोस. तिचा नंबर फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून टाक, तिला सांगून ठेव की त्या रात्री फोन सायलेंटवर ठेवू नको आणि गाडीत पेट्रोल भरलेलं असू दे. कारण लागलं तर पाऊण-एक तासात पोचणारं आपलं माणूस, बस, नणंदेकडून एवढंच हवंय.

बाबांच्या हॉटेलचं थोडं वेगळं आहे. त्यांना यायचंच असेल तर येऊ देत, ह्या कार्यक्रमांत बहुतेक ठिकाणी पालकांसाठी दिवसा वेगळी सेशन्स असतात आणि फायनान्शिअल एडच्या (फीसाठी मिळणाऱ्या आर्थिक मदतीच्या) ऑफिसात समोरासमोर बसून बोलायचं काम कुणीतरी करायलाच हवं, ते त्यांनी करावं. पण लेकीला चेक-इनच्या टेबलापाशी सोडलं की दुसऱ्या दिवशी चेक-आउटपर्यंत भेटायचं नाही, "चल जेवायला बाहेर जाऊ" नाही, खिडकीतून हात नाही. आणि हॉटेल कॅम्पससमोर नको, दुसऱ्या भागात घ्या. बॉस्टनची तारीख बघताना एक लक्षात ठेव, एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी तिथे पेट्रिअट्स डे असतो आणि त्याच दिवशी बॉस्टन मॅरेथॉन, त्या वीकेंडला हॉटेलं मिळत नाहीत आणि मिळाली तर भाव ऐकून तुम्ही गाडी वळवाल.

पैशाचं मात्र जायच्या आधी बोला. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतेय, कारण ह्यात मुलांची मनं मोडताना बघितलीत. आज कितीतरी खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे फी, राहणं, जेवण सगळं धरून, 90,000 डॉलरच्या आसपास गेलाय, आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीला रटगर्स त्याच्या निम्म्याहून कमीत पडतं. आता एड किती मिळाली, त्यातली परत न करायची ग्रँट किती आणि फेडायचं लोन किती (एडच्या पत्रात दोन्ही एकाच यादीत लिहितात, बेरीज करून बघून खूश होऊ नका), चार वर्षांची बेरीज काय, आणि धाकट्या भावंडाचं काय, हे सगळं तिच्यासमोर कागदावर मांडा. जर एखादं कॉलेज कितीही आवडलं तरी परवडणारच नसेल तर तिला तिथे रात्रभर राहायला पाठवू नका. आधी अपील करा, जास्त एडसाठी विचारणं ह्यात लाजण्यासारखं काही नाही, ऑफिसं रोज अशी पत्रं वाचतात, आणि आकडा जमण्यासारखा दिसला तरच पाठवा. आवडून आल्यावर "आपल्याला झेपणार नाही" ऐकणं फार वाईट. आणि प्रवासाचा खर्चही जड वाटत असेल तर ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून सरळ विचारा, काही कॉलेजं गरज असलेल्या मुलांच्या तिकिटाचे पैसे देतात, पण न विचारता देत नाहीत.

मग तारीख. मोठ्या कॉलेजांचे हे कार्यक्रम चांगले गाजलेले असतात, एमआयटीचा कॅम्पस प्रीव्ह्यू वीकेंड, येलचे बुलडॉग डेज, हार्वर्डचं व्हिझिटास, सगळे एप्रिलमध्येच, कारण बहुतेक ठिकाणी उत्तर 1 मेपर्यंत द्यायचं असतं. कोविडमध्ये 2020 ला हे सगळं ऑनलाइन गेलं होतं, आणि त्यानंतर रात्रीचा मुक्काम सगळीकडे पूर्वीसारखा परत आला असं समजू नका, म्हणून पत्रात "ओव्हरनाइट" असा स्पष्ट शब्द आहे ना ते लेकीला वाचायला सांग. ह्या दिवसांत कॉलेज नटलेलं असतं, फुकट टी-शर्ट, क्लबांचे स्टॉल, रात्री आइस्क्रीम, गाणाऱ्या मुलांचे ग्रुप. मजा करायला हरकत नाही. पण लग्नात बघितलेलं घर आणि एरवीचं घर ह्यात फरक असतो हे तुला मी काय सांगू. म्हणून जमलं तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोचा किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबा, म्हणजे तंबू काढल्यावर काय उरतं ते दिसेल. आणि तारखेची मुभा असेल, एखादं कॉलेज म्हणत असेल की एप्रिलमध्ये कधीही या, तर साधा मंगळवार-बुधवार घ्यायचा. शुक्रवार नको, शुक्रवारी क्लास कमी आणि पार्ट्या जास्त.

एपीच्या, म्हणजे हायस्कूलात घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षा मे सुरू झाल्या झाल्या असतात, तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा टाळा. शाळेला आधी कळवलं की कॉलेज व्हिजिटची सुट्टी बऱ्याच हायस्कूलांत एक्सक्यूज्ड धरतात, त्यासाठी कॉलेजकडून एक पत्र आणायला लागतं, ते चेक-आउटच्या वेळीच मागून घ्यायचं, घरी आल्यावर ईमेलची वाट बघत बसायला नको.

प्रवास तिला ठरवू दे, तू फक्त तपास. बॉस्टनचं सोपं आहे, ॲमट्रॅकची रेल्वे आपल्या मेट्रोपार्क स्टेशनला थांबते, ओक ट्री रोडवरून दहा मिनिटं, आणि साधारण पाच तासांत गाडी न बदलता साउथ स्टेशन. ॲमट्रॅकला 16 पूर्ण झालेलं मूल एकटं जाऊ शकतं, वेगळा फॉर्म लागत नाही. सगळ्याच गाड्या मेट्रोपार्कला थांबत नाहीत हे मात्र तिकीट काढताना बघा. साउथ स्टेशनहून पुढे सबवे, तिथे आता कार्ड किंवा फोन टेकवून आत जाता येतं. उबर लागली तर तिचं 18 खाली स्वतःचं नेहमीचं अकाउंट चालत नाही, टीन अकाउंट असतं, ते तुझ्या अकाउंटवरून आमंत्रण पाठवून काढायचं आणि आठ दिवस आधीच काढून एडिसनमध्ये एकदा वापरून बघायचं, साउथ स्टेशनच्या बाहेर पावसात उभं राहून नाही. आणि "काही झालं तर ती हॉटेल घेईल" असं कुणी म्हणालं तर ते विसरा, बहुतेक हॉटेलं 18 च्या, काही तर 21 च्या खाली खोली देतच नाहीत. पर्याय म्हणजे नणंदच.

अपस्टेटला थोडा जास्त विचार करावा लागेल. न्यूयॉर्कहून बस किंवा ट्रेन, चार-पाच तास किंवा जास्तच, तेव्हा सकाळची घ्या म्हणजे उजेडात पोचेल. उशीर होतोच असं धरून चला आणि पोचल्यावर कॅम्पसपर्यंत कसं जायचं ते आधी लिहून ठेवा, तिथे स्टेशनाबाहेर गाड्यांची रांग उभी नसते. हा प्रवासही बघण्याचाच भाग आहे बरं का, कारण थँक्सगिव्हिंगला, दिवाळीला, आजी आली म्हणून, ती हाच प्रवास करणार आहे. बाबांनी गाडीने सोडलं तर तिला हे कळणारच नाही. थंडीचे कपडे पाठव, एप्रिलमध्ये इथे मॅग्नोलिया फुललेला असतो आणि तिथे बर्फ पडत असतो.

फॉर्मकडे येऊ. लेक 18 ची नाही म्हणून पालकाची सही लागते, त्यात दोन-तीन गोष्टी असतात, आजारी पडली तर उपचाराला परवानगी, ॲलर्जी आणि औषधं, आणि नियम. तो वाचून सही कर. होस्ट (जिच्या खोलीत राहायचं ती) मुलगीच हवी असेल, शाकाहारी असेल, रूममेट असलेल्या खोलीत की सिंगलमध्ये, काय हवंय ते तिथे लिहायला जागा असते, लाजून रिकामी सोडू नका. होस्टचं नाव आणि नंबर जायच्या आधी मिळतो, आणि तो मिळाला की लेकीने स्वतः मेसेज करायचा. तू नाही. काय लिहायचं तेही तू सांगू नकोस, हाय मी अमुक, किती वाजता पोचते, जमिनीवर झोपायचंय की गादी आहे, एवढंच. बहुतेक वेळा जमिनीवरच असतं, म्हणून स्लीपिंग बॅग, छोटी उशी, टॉवेल, आंघोळीसाठी रबरी चपला, चार्जर, इअरप्लग, तिची पाळीची तारीख जवळ असेल तर ते सामान, इन्शुरन्स कार्डाचा फोटो आणि खरं आयडी. एक बॅकपॅक, चाकांची सूटकेस नको, होस्ट तिला सगळीकडे पायी फिरवणार आहे.

खाऊ पाठवशीलच, तू आई आहेस. पाठव, डबा उघडला की खोलीत चार मुली जमतात, बोलणं सुरू व्हायला त्यासारखं काही नाही. पण शेंगदाण्याचे लाडू आणि दाणे घातलेला चिवडा न विचारता पाठवू नकोस, इथे शेंगदाण्याची ॲलर्जी कुणालाही असू शकते आणि ती जिवावर बेतेल अशी असू शकते. होस्टला आधी एका ओळीत विचारायचं. चकली चालेल, शंकरपाळे चालतील, तेही कशात तळले आणि आत काय आहे ते डब्यावर इंग्रजीत लिहून.

आता तुझी भीती. दारूचं मी हलकं करून सांगणार नाही. अमेरिकेत पिण्याचं वय 21 आहे आणि कॉलेजात त्याखालची मुलं पितात हेही खरं आहे, ती पुढच्या ऑगस्टमध्ये जिथे जाईल तिथे हे असणारच, रटगर्सलाही. पण ह्या भेटींत कार्यक्रमाचे नियम कडक असतात, पाहुण्या मुलांनी प्यायची नाही आणि होस्टनेही त्यांना प्यायच्या जागी न्यायचं नाही, आणि नियम मोडला तर ॲडमिशनवरसुद्धा परिणाम होऊ शकतो असं कितीतरी कॉलेजं लिहून घेतात. हे तिला वाचून दाखव, ओरडून नाही, शेजारी बसून. आणि मग नियमांपेक्षा उपयोगाची गोष्ट कर, एक खुणेचं वाक्य ठरवा. तिने मेसेज केला "आजीच्या गोळ्या संपल्या का?" की तू लगेच फोन करायचास आणि चढ्या आवाजात म्हणायचंस की आत्ताच्या आत्ता खोलीवर जा, मला व्हिडिओ कॉल कर. म्हणजे तिला चार मुलांसमोर "मला नाही यायचं" म्हणायची हिंमत नाही झाली तरी बाहेर पडायला कारण मिळतं, वाईटपणा तुझ्याकडे. आणि ते वाक्य आलं तर नंतर एकही प्रश्न विचारायचा नाही, त्या रात्री तर नाहीच. ती आपण होऊन सांगेल. तुम्ही एकदा जरी रागावलात तर पुढची चार वर्षं ते वाक्य कधीच येणार नाही.

होस्टच विचित्र निघाली, किंवा खोलीत कुणी मुलगा रात्री राहणार आहे असं कळलं आणि तिला ते नको वाटलं, तर तिथेच निमूट झोपायचं नाही. प्रत्येक मजल्यावर किंवा दोन मजल्यांना एक आरए (रेसिडेंट असिस्टंट) असतो, मोठ्या वर्गातला विद्यार्थी, त्याच कामासाठी ठेवलेला, त्याचं दार कुठलं ते गेल्या गेल्या बघून ठेवायचं. कार्यक्रमाचा रात्रीचा नंबर आणि कॅम्पस पोलिसांचा नंबर फोनमध्ये घालायचा, आणि फोनची बॅटरी मरते म्हणून एका चिठ्ठीवरही. दुसरी खोली मागणं म्हणजे कुणाचा अपमान नाही. तुझ्या मनाला आकडे हवे असतील तर प्रत्येक कॉलेजला क्लेरी ॲक्ट ह्या 1990 च्या कायद्याखाली दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत गेल्या तीन वर्षांतले कॅम्पसवरचे गुन्हे छापावे लागतात, वेबसाइटवर ॲन्युअल सिक्युरिटी रिपोर्ट शोध. तिन्ही कॉलेजांचे शेजारी ठेवून वाच. फक्त हे लक्षात घे की जिथे मुली तक्रार करायला धजावतात तिथे आकडा मोठा दिसतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कॉलेज रद्द करू नकोस.

फोनचं एक सांगते, कारण ह्यात मी चुकले. माझी धाकटी अशीच एका कॉलेजात रात्रभर राहायला गेली आणि मी संध्याकाळपासून तिला सात वेळा फोन केला. जेवलीस का, खोलीत कोण आहे, दाराला कडी आहे का. ती दर वेळी उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन माझ्याशी बोलत होती. घरी आल्यावर मी विचारलं कसं होतं, तर म्हणाली आई मला माहीत नाही, मी तुझ्याशीच बोलत होते. ती चिडली नव्हती, खरं तेच सांगत होती. तिची ती रात्र मी घेतली, आणि ती परत देता येत नाही. तेव्हा ठरवा, पोचल्यावर एक मेसेज, झोपताना एक मेसेज, सकाळी उठल्यावर एक. लोकेशन शेअर असू दे पण दर दहा मिनिटांनी तो ठिपका बघत बसू नकोस. झोपतानाचा मेसेज रात्री दीडला येईल. येऊ दे.

सासूबाईंना सांग की हे परकं घर नाही, आपल्याकडे वारीला बायका दोन-तीन आठवडे अनोळखी गावांत शाळेच्या व्हरांड्यात आणि कुणाकुणाच्या ओसरीवर झोपतातच की, सोबत आपली दिंडी असते म्हणून कुणाला काही वाटत नाही. इथे दिंडी म्हणजे तिच्यासारख्याच ॲडमिशन मिळालेल्या मुली. त्यांना हे पटेल बघ.

आता हा भाग लेकीला वाचायला दे.

बाळा, तिथे गेल्यावर "तुम्हाला कॉलेज आवडतं का" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. विचार की गेल्या मंगळवारी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस. त्यात सगळं येतं, किती तास क्लास, किती वेळ एकटीने जेवली, नोकरी करते का, कुठे हसली. विचार की आजारी पडलीस तेव्हा कुणी सूप आणून दिलं. विचार की शुक्रवारी रात्री जे पीत नाहीत ते कुठे असतात, आणि वीकेंडला किती मुली घरी पळतात. मेजर (मुख्य विषय) बदलायचा असेल तर नुसता फॉर्म भरायचा की पुन्हा अर्ज करून निवड व्हावी लागते, हे फार महत्त्वाचं, विशेषतः कॉम्प्युटर सायन्सकडे वळायचा विचार असेल तर, कितीतरी कॉलेजांत तिथे आतून शिरणंही अवघड असतं. आणि हे होस्ट एकटीलाच विचारू नकोस, ती स्वतःहून पुढे आलेली आहे म्हणजे तिला कॉलेज आवडतंच. डायनिंग हॉलमध्ये रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीला विचार.

तुझ्या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या क्लासला बस, सीनियर लोकांच्या गाजलेल्या सेमिनारला नाही. मागच्या रांगेत बस आणि मुलांच्या लॅपटॉपवर काय चाललंय ते बघ. शाकाहारी आहेस तर डायनिंग हॉलमध्ये दोनदा जेव, एकदा रात्री उशिरा, कारण साडेसहाला सगळं गरम असतं आणि साडेआठला नुसतं सॅलड आणि सिरिअल उरतं की अजून काही मिळतं ते तेव्हाच कळतं. देसी मुलांचा क्लब शोधायचा असेल तर जरूर शोध, पण सगळी संध्याकाळ त्यांच्यातच घालवू नकोस, एडिसन तुला माहीतच आहे. आणि कधीतरी होस्टला सांगून अर्धा तास एकटी बाहेर पड, उजेड असताना, लायब्ररीत जाऊन एक होमवर्क कर. जो कार्यक्रमात नाही असा अर्धा तास. तिथे बसून तुला कसं वाटतं, तेवढं बघ.

परत येताना गाडीत, फोन उघडायच्या आधी, वहीत लिहून काढ. मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो टाकलेस की लाइक येतात आणि मग ती रात्र जशी होती तशी आठवत नाही, फोटोतल्यासारखी आठवते.

आता आईशी पुन्हा. रटगर्सला बघायचंय काय, हे तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य आहे. वीस मिनिटांवर आहे म्हणून तुम्ही ते कधी बघितलंच नसणार, बाहेरून गाडीतून बघितलं असेल. न्यू ब्रन्सविक-पिस्कॅटवेचं रटगर्स म्हणजे एक जागा नाही, कॉलेज ॲव्हेन्यू, बुश, लिव्हिंगस्टन, कुक आणि डग्लस असे पाच कॅम्पस रॅरिटन नदीच्या दोन्ही बाजूंना, आणि मुलं दिवसभर बसने एकीकडून दुसरीकडे जातात. बायोलॉजी घेतली तर ती बुशला असेल आणि जेवायला कुठे, राहायला कुठे, हे बसमध्ये उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. दोन कॉलेजांत ती झगमगती रात्र राहून येणार आणि तिसरं घरातल्या जुन्या कपाटासारखं न उघडताच ठेवणार, मग तुलना कशी होणार? 1766 साली स्थापन झालेलं कॉलेज आहे ते, आपण रोज शेजारून जातो म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या कुणाची मुलगी तिथे शिकत असेलच, तिला विचारा. डॉर्ममध्ये 18 खालच्या पाहुण्यांचे नियम असतात, ते आधी विचारून घ्या, आणि रात्रीची परवानगी नाहीच मिळाली तर दुपारी तीनपासून रात्री अकरापर्यंत राहू दे. त्या दिवशी तू तिला आणायला जा, पण अकराच्या आधी नाही. आणि तिथे शिकायचं तर घरूनच येऊन-जाऊन की डॉर्मवर राहून, हे तिच्यासमोर उघड बोला. मला वाटतं डॉर्मवर, पहिलं वर्ष तरी. पण तो तुमच्या खिशाचा प्रश्न आहे.

ती परत आली की मेट्रोपार्कच्या पार्किंगमध्ये गाडीत बसता बसता "मग? ठरलं?" असं विचारू नका, दोघांनीही नाही. ती चार तास झोपलेली असेल. तिला वरण-भात वाढ आणि झोपू दे. तिन्ही झाल्यावर तीन-चार दिवस मध्ये जाऊ देत, मग एका संध्याकाळी तिची वही आणि तुमचा पैशांचा कागद शेजारी ठेवून बसा. डिपॉझिट एकाच ठिकाणी भरायचं, दोन ठिकाणी भरून जागा अडवली तर दोन्हीकडची जाऊ शकते. आणि एखादी रात्र वाईट गेली, होस्टची परीक्षा होती, पाऊस होता, पोट बिघडलं, तर त्यावरून कॉलेज मोडीत काढायचं नाही, पण ती म्हणाली की "काही वाईट झालं नाही, तरी मला तिथे आपलं वाटलं नाही", तर ते ऐका. कारण सांगता आलं नाही तरी ऐका.

फॉर्मवर शुक्रवारची तारीख आहे, होस्ट आधी भरणाऱ्यांना आधी मिळतात. आज जेवण झालं की तिलाच घेऊन बस, ॲलर्जीची ओळ तिला भरू दे, आणि सही कर. अबोला आपोआप सुटेल.